झनकभाऊंचं खोटं

गेल्या पौषात एका दुपारी हेमलताचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले," ती म्हणाली. "तेरवीच्या पत्रिकेत टाकायला फोटो पाहिजे होता. घरात एकही धड नाही. आधार कार्डावरचा आहे, पण त्यात ते बाबा वाटतच नाहीत. तुमच्याकडे शाळेतला एखादा असेल का?"

मी मोबाईल पाहिला, कपाटातले अल्बम काढले. पंधरा ऑगस्ट, स्नेहसंमेलन, झाडं लावण्याचा कार्यक्रम. सगळीकडे मुलं, गुरुजी, सरपंच. एका फोटोत मुलांच्या रांगेमागे, शाळेच्या फाटकाबाहेर, खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक माणूस पाठमोरा उभा आहे. ते झनकभाऊच असावेत. पण पाठमोरा माणूस पत्रिकेत कसा छापणार? मी तिला नाही म्हणून कळवलं. तेव्हापासून जे जे आठवतं ते लिहून ठेवावंसं वाटतं आहे.

मी वर्ध्याची. नोकरी लागली ती गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि राहायला खोली मिळाली ती झनकभाऊंच्या ढाब्यामागे. पुढे नागपूर-रायपूर हायवे, हायवेला लागून ढाबा, ढाब्यामागे विहीर आणि विहिरीच्या पलीकडे मी. सकाळी पहिला आवाज ट्रकच्या हॉर्नचा आणि दुसरा झनकभाऊंच्या खाकरण्याचा.

उंचीने बेताचे, पोट अजिबात नाही, ढाबेवाल्याला न शोभणारे काटकुळे हात. अंगात बनियन, खाली चौकड्याची लुंगी, खांद्यावर दुपट्टा. त्याच दुपट्ट्याने ते घाम पुसत, त्यानेच माशा हाकलत, आणि कोणी फार वाद घातला तर तो झटकून दुसऱ्या खांद्यावर टाकत. दुपट्ट्याने खांदा बदलला की वाद संपला असं समजायचं. ढाब्याच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी व मांसाहारी' असं रंगवलेलं होतं. मी एकदा म्हटलं, "झनकभाऊ, दोन्ही शुद्ध कसं काय?"

"शुद्धच आहे न मॅडम," ते म्हणाले. "कोंबडीले कोंबडीच म्हनतो. दुसरं काही म्हनत नाई."

हे ते गमतीने म्हणत नव्हते. एखाद्याला पोहता येत नाही तसं त्यांना खोटं बोलता येत नसे. एक पंजाबी ड्रायव्हर एकदा खाटेवर बसता बसता विचारत होता, "दाल ताजी है ना?" झनकभाऊंनी गल्ल्यावरूनच उत्तर दिलं, "सुबह की है. खाना है तो गरम कर देता हूँ, नहीं तो आगे दो ढाबे और हैं." ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने तीच डाळ मागवली, आणि पुढे त्या रस्त्याने आला की दुसरीकडे कुठे थांबला नाही.

माझी आणि त्यांची पहिली खडाजंगी 'ळ'वरून झाली. त्या बाजूला, झाडीपट्टीत, 'ळ'चा 'र' होतो. माझ्या वर्गातली मुलं केळ्याला केरं म्हणायची, फळ्याला फरा. मी नवी होते, उत्साह होता, मुलांकडून 'केळं, केळं' असं घोकून घेत होते. त्यांत झनकभाऊंची हेमलताही होती. सगळे तिला हेमी म्हणत. दुसऱ्या दिवशी झनकभाऊ फाटकापाशी आले आणि म्हणाले, "पोट्टी घरी मलेच शिकवून राहिली जी. शिकवा तुमी, पुस्तकात तसंच आहे तर. पन केरं म्हटलं तरी गोडच लागते, एवढं सांगा तिले." मी घोकंपट्टी थांबवली नाही, पण त्यानंतर 'केरं' म्हणणाऱ्याला चूक म्हणणं सोडलं.

बायको काविळीने गेली तेव्हा हेमी दोन वर्षांची होती. दुसरं लग्न करा म्हणून त्यांच्या बहिणीने फार धोशा लावला. "एक पोट्टी सांभारता येत नाई, दुसरी बायको का सांभारू," असं म्हणून त्यांनी दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला.

पोट्टी सांभाळणं खरंच सोपं नव्हतं, कारण हेमी जेवत नसे. पांढरा भात आणि वर मीठ. बिस्किट, पण तुटलेलं नको. वरण नाही, पोळी नाही, भाजीचं तर नावच नको. भातात जिऱ्याचा एक दाणा दिसला की ताट सरकवायची. हट्ट नाही, रडणं नाही, नुसते ओठ घट्ट मिटून बसायची. ज्या ढाब्याची अंडाकरी खायला रायपूरचे ड्रायव्हर भूक राखून यायचे, त्या ढाब्याच्या मालकाची मुलगी गल्ल्याशेजारी बसून मीठभात खायची. हात इतके बारीक की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या.

"दोन दिवस उपाशी ठेवा, खाईल बरोबर," असं गावात जो तो सांगे. मीही सांगितलं.

"ठेवून पाह्यलं जी," झनकभाऊ म्हणाले. "दोन दिवसांनी मीच रडलो. पोट्टी नाई रडली." मग म्हणाले, "तिले भूक लागत नाई असं नाई मॅडम. तिले भेव लागते. आत का आहे थे दिसत नाई न, त्याचं भेव."

मी तेव्हा बी.एड.च्या पुस्तकात बालमानसशास्त्राचे दोन भाग वाचलेली शिक्षिका होते. माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं.

मिल्कशेकची सुरुवात एका चिकूपासून झाली. गुजरातकडून आलेल्या कोणा ड्रायव्हरने जाताना पाच-सहा चिकू गल्ल्यावर ठेवले होते. हेमीने त्यांतला एक उचलला आणि दिवसभर हातात धरून हिंडली. मधूनमधून हुंगायची. खात मात्र नव्हती. चारच्या सुमाराला झनकभाऊंनी तिला ओट्यावर बसवलं, तिच्यासमोर तोच चिकू धुतला, सोलला, बिया काढून तिच्या तळहातावर दिल्या, आणि फोडी तिच्याच हाताने मिक्सरमध्ये टाकायला लावल्या. वरून दूध, साखर. झाकण उघडून आत दाखवलं. हेमीने बोट बुडवून चाटलं आणि अर्धा ग्लास प्यायली. त्या संध्याकाळी ढाब्यावर जो जो आला त्याला झनकभाऊंनी ही बातमी सांगितली. ज्यांना मराठी येत नव्हती त्यांना हिंदीतून सांगितली.

पुढे त्याचा नेम झाला. रोज चार वाजता, शाळा सुटून हेमी आली की ढाब्याचं सगळं काम बाजूला. आधी फळ दाखवायचं, मग कापायचं, मग हुंगायला द्यायचं. सगळं गाळून घ्यायचं, कारण एक रेषा जिभेला लागली की संपलं. ग्लास काचेचा हवा, स्टीलचा चालत नसे, त्यातून आरपार दिसत नाही म्हणून. हे करताना झनकभाऊंना कोणी हाक मारलेली चालत नसे. एकदा आरटीओचा साहेब जेवायला येऊन बसला होता, त्यालाही पंधरा मिनिटं ताटकळत ठेवलं.

त्यांनी फळांना गावांची नावं ठेवली होती. संत्रं म्हणजे नागपूर, चिकू म्हणजे गुजरात, पपई म्हणजे रायपूर, केळं म्हणजे जळगाव. हेमी दप्तर ठेवता ठेवता विचारायची, "बाबा, आज कुठचं?" ते म्हणायचे, "आज रायपूर." नेहमीच्या ड्रायव्हरांना हा प्रकार कळला आणि मग जो जिकडून येई तो तिकडचं फळ केबिनमध्ये ठेवून आणू लागला. कोणी पेरू, कोणी अननस, कोणी डाळिंब. आंध्रकडचा एक ड्रायव्हर होता, उंच, मोठ्या मिशा, हिंदीचे दहा शब्द येत नसतील. त्याने एकदा वर्तमानपत्रात गुंडाळून आंबे आणले. हेमीने आंबा हुंगला, मान हलवली. तो माणूस भरलेली गाडी रस्त्याकडेला लावून, हाताची घडी घालून तिथेच उभा राहिला. ग्लास संपला तेव्हा त्याने झनकभाऊंच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी सुरू केली.

उन्हाळ्यात एक दिवस लाइट गेली ती येईचना. साडेचार झाले, पाच झाले. हेमी ओट्यावर बसलेली, पपईच्या फोडी जारमध्ये तशाच. झनकभाऊंनी मोटरसायकल काढली, हेमीला पुढे बसवलं, मिक्सर तिच्या मांडीवर दिला, दुधाची बरणी आणि तो जार मला धरायला सांगून मागे बसवलं, आणि आम्ही तिघं दोन किलोमीटरवरच्या राइस मिलमध्ये गेलो. तिथे जनरेटर होता. धानाच्या पोत्यांवर मिक्सर ठेवून त्यांनी शेक फिरवला. मिलचे हमाल काम थांबवून बघत होते. हेमी पोत्यावर पाय हलवत बसून प्यायली, आणि ओठावर पिवळ्या मिशा घेऊन हसली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी हे सगळं तिथेच राहू द्यायला हवं होतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली. हेमीचं वजन फारच कमी निघालं, रक्तही कमी. डॉक्टरांनी झनकभाऊंना बोलावून सांगितलं की फळं-दूध चांगलं आहे, चालू ठेवा, पण एवढ्यावर मुलगी वाढणार नाही. डाळ, दाणे, भाजी काहीतरी पोटात गेलं पाहिजे. झनकभाऊ मान खाली घालून ऐकत होते. ते गेल्यावर युक्ती मला सुचली. मोबाईलवर असे व्हिडिओ मी पाहिले होते. शिजवलेली मूगडाळ, कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा, भिजवलेले शेंगदाणे एकदम बारीक वाटायचे आणि शेकमध्ये घालायचे. फळाच्या वासापुढे कळतही नाही.

मी संध्याकाळी जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाई जी."

"अहो, तिच्याच भल्यासाठी."

"भल्यासाठीच म्हनून राहिल्या तुमी, थे समजते. पन माह्या पोट्टीनं इश्वास ठेवून तोंड उघडलं आहे. सारं तिच्यासमोर करतो म्हनून पिते थे. लपवून टाकलं तर मंग माह्यात अन् त्या उपाशी ठेवा म्हननाऱ्यात का फरक राह्यला?" आणि दुपट्टा दुसऱ्या खांद्यावर गेला.

दुपट्टा गेला की विषय संपतो, हे मला माहीत होतं. तरी मी चार दिवस त्यांच्या मागे लागले. शिकलेली आहे, मला जास्त कळतं, असा एक ताठा होता. पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी हेमी चक्कर येऊन पडली. मी तिला उचलून ढाब्यावर नेलं. तिचं वजन हाताला लागतच नव्हतं. तिला खाटेवर ठेवताना मी झनकभाऊंकडे पाहिलं आणि म्हटलं, "आता तरी ऐका." हे वाक्य मी कशा आवाजात बोलले ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीपाशी आले. डोळे तांबडे होते. "मॅडम, दुधात टाकतो," ते म्हणाले. "फर तिच्यासमोरच कापीन. दुधाचं ती विचारत नाई."

तसं सुरू झालं. पहाटेच डाळ-कोहळं शिजवून, दाण्यांबरोबर वाटून, दुधात मिसळून ते दूध झाकून ठेवत. चार वाजता फळ हेमीसमोर, दूध आतून आणलेलं. ती पीत होती. दोन महिन्यांत गालांवर जरा रंग आला, बांगड्या मनगटाजवळ थांबू लागल्या. मी मनातून फुशारले होते. झनकभाऊ मात्र शेक देताना आता तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघायचे.

एकदा हेमीने विचारलं, "बाबा, दूध पिवरं काऊन दिसते?"

झनकभाऊंनी मला नंतर सांगितलं की त्यांनी आधी दुधावर झाकण ठेवलं. मग बोलून गेले, "म्हशीनं मका खाल्ला, म्हनून." हेमीने ते खरं मानलं, आणि पुढे तीन-चार दिवस शेजारच्या म्हशीजवळ जाऊन तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. हे सांगताना ते अर्धवट हसले, आणि लगेच हातांनी तोंड पुसल्यासारखं केलं. मला मात्र फार हसू आलं. मी खोलीत येऊनही हसत होते.

दिवाळीनंतर आमचे केंद्रप्रमुख शाळा बघायला आले. माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. मी 'आपला आहार' शिकवत होते. पाठ रंगावा, साहेबांनी शेऱ्यात चार चांगले शब्द लिहावेत, असं मनात होतं. डाळी, भाज्या, फळं असं सांगता सांगता एखादं जवळचं उदाहरण द्यावं म्हणून मी बोलून गेले. हेमीचे बाबा बघा किती हुशार, तिला डाळ आवडत नाही तर दुधात वाटून घालतात, कोहळं घालतात, आणि तिला पत्ताही नाही. एवढ्यावर मी थांबले नाही. दूध पिवळं का, तर म्हशीने मका खाल्ला, हेही सांगितलं. अभिनयासकट सांगितलं. साहेब मोठ्याने हसले. वर्ग हसला. एक जण म्हशीसारखा हंबरला, मग सगळेच हंबरू लागले.

हेमी दुसऱ्या बाकावर होती. ती हसली नाही, रडलीही नाही. तिने ओठ मिटून घेतले. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. साहेबांनी शेरा चांगला लिहिला होता. तो मी नंतर कधी वाचला नाही.

शाळा सुटायच्या आधी मला ढाबा गाठायचा होता, पण साहेबांनी कागदपत्रं मागितली आणि उशीर झाला. मी धावत पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. ओट्यावर डाळिंबाचे दाणे एका वाटीत काढलेले होते. हेमी उभी होती. तिने दुधाच्या भांड्यावरचं झाकण काढलं, आत बघितलं आणि विचारलं, "बाबा, म्हशीनं का खाल्लं?"

झनकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. मग ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "म्हशीनं काही नाई खाल्लं. डार आहे त्यात. कोहरं आहे, शेंगदाने आहेत. चार महिने झाले, रोज टाकून राहिलो."

"कोनी सांगितलं तुले टाकायले?"

मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं असतं तर झालं असतं.

"कोनी नाई," झनकभाऊ म्हणाले. "मीच."

हेमीने माझ्याकडे वळून पाहिलं. आणि मी, देवाशपथ सांगते, मान हलवली. होय, असं म्हटल्यासारखी.

त्या दिवसापासून हेमीने बापाच्या हातचं काही घेतलं नाही. झनकभाऊ सांगत, "आता पाह्य, सारं तुह्यासमोर करतो, दूधबी तुह्यासमोर काढतो." ती नाही म्हणायची. रागाने नाही, एखाद्या परक्याला सांगावं तशी. भात तेवढा ढाब्यावर कामाला येणाऱ्या बायांनी वाढला तर खायची. केळं खायची ते स्वतः सोलून. महिनाभरात पुन्हा बांगड्या वर चढल्या. बोलणं तिने तोडलं नव्हतं, अभ्यास दाखवायची, सही घ्यायची. पण चार वाजता ओट्यावर बसायला आली नाही. झनकभाऊंनी मिक्सर पुसला, वायर गुंडाळली आणि फडताळात ठेवला.

ड्रायव्हरांना हे माहीत नव्हतं. ते फळं आणतच होते. झनकभाऊ घ्यायचे, हात जोडायचे, आणि ती फळं गल्ल्यावर ठेवायचे. ज्या गिऱ्हाइकाबरोबर लेकरू असेल त्याला द्यायचे. आंध्रच्या ड्रायव्हरने एकदा खुणेने विचारलं, मुलगी कुठे. त्यांनी शाळेकडे बोट दाखवलं. सुट्टीचा दिवस होता आणि हेमी आत खोलीत होती. आता तेही जमू लागलं होतं त्यांना.

पुढे जे झालं ते लिहायला हात चालत नाही, पण तेच लिहायचं आहे. एक दिवस मधल्या सुट्टीत हेमी तिचं खिचडीचं ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, यात का का आहे?" मी सांगितलं. तांदूळ, मूगडाळ, हळद, तेल, मीठ. ती म्हणाली, "अजून?" मी म्हटलं, "अजून काही नाही." तिने एक घास घेतला. मग दुसरा. मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाली, "तुमी खरं सांगता."

तिच्या लेखी मी ती बाई होते जिने सगळ्या वर्गासमोर खरं सांगितलं होतं.

ती माझ्याजवळ बसून खिचडी खाऊ लागली, मग माझ्या डब्यातली पोळी, मग वरण. मी झनकभाऊंना जाऊन सांगितलं, आणि हेही म्हटलं की मी तिला खरं काय ते सांगून टाकते, मला हे सहन होत नाही. ते म्हणाले, "तुमी जे खाता थेच द्या तिले. लपवून काही नका टाकू." बाकीच्या बोलण्यावर त्यांनी दुपट्टा झटकला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. मधल्या सुट्टीत ते कधीकधी शाळेच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहत. हेमी वळून बघेल असं वाटलं की पाठ फिरवायचे.

दोन वर्षांनी माझी तिरोड्याकडे बदली झाली. हेमी पुढे शिकायला गोंदियाला वसतिगृहात गेली आणि नंतर तिथेच नर्सिंगला लागली. झनकभाऊ रविवारी तिला भेटायला जात, अख्खी, न चिरलेली फळं घेऊन. हे मला हेमीच फोनवर सांगायची.

तीन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी मला सडक अर्जुनीला जावं लागलं. हायवे रुंद झाला होता, मधोमध पूल उभा राहिला होता. ट्रक वरून जात होते. खाली बाजूच्या रस्त्यावर ढाबा होता, पण खाटा चारच उरल्या होत्या. झनकभाऊ वाळले होते, लुंगीच्या जागी पायजमा आला होता. हेमी सुट्टीवर घरी होती. अंगाने भरलेली, उंच, मोठ्याने बोलणारी मुलगी. तिने मला हाताला धरून बसवलं. आम्ही तिघं जेवायला बसलो आणि तिने माझ्यासमोर वरणभात कालवून, वर कोहळ्याची भाजी घेऊन खाल्ली. झनकभाऊ तिच्या ताटाकडे बघत होते, स्वतः जेवत नव्हते.

हेमी म्हणाली, "मॅडम, तेव्हा तुम्ही वर्गात सांगितलं नसतं ना, तर मला कधी कळलंच नसतं. मी बाबांवर किती वर्षं रागावले होते. आता वाटतं, त्यांचं काय चुकलं? घाबरले असतील. मी आता माफ केलं त्यांना." आणि बापाकडे बघून हसली. तेही हसले.

मी हातातला घास खाली ठेवला. "हेमी," मी म्हटलं, "त्या वेळी एक..."

"मॅडम, भात घ्या," झनकभाऊ म्हणाले, आणि नको असताना माझ्या ताटात भात वाढला.

बसपर्यंत सोडायला ते एकटेच आले. मी चालता चालता म्हटलं, "झनकभाऊ, का थांबवलं मला? इतकी वर्षं तुमच्या माथी..."

"आता कायले जी," ते म्हणाले. "तिनं माफ केलं न मले. झालं." थोडं चालल्यावर म्हणाले, "त्या दिवशी मले वाटलं, बापावरचा इश्वास तर गेलाच तिचा. थो काही आता वाचत नाई. तुमीबी त्यात होत्या असं समजलं असतं, तर कोनाच्या हातचं खाल्लं असतं तिनं? एक मानूस तरी पाहिजे होता न. मंग मी म्हटलं, तुमी तर तुमी, ठीक आहे."

इतकी वर्षं मी समजत होते की त्यांनी भलेपणाने माझी लाज राखली. त्यात त्यांनी माझा काही विचारच केला नव्हता. त्यांनी उकिडवं बसल्या बसल्या, एका क्षणात, मुलीसाठी स्वतःला बाजूला काढून ठेवलं होतं. आणि मी मान हलवून ते घेतलं होतं.

तेरवीला गेले तेव्हा हेमी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तेव्हाही मी सांगितलं नाही. त्यांनी नको म्हटलं होतं, हे कारण आता माझ्या सोयीचं झालं आहे.

ते मला बसपर्यंत सोडायला आले होते त्या दिवशी गोंदियाची बस आली. झनकभाऊंनी कंडक्टरला सांगून मला खिडकीजवळ जागा करून दिली. मी बाहेर बघितलं. एक मोठा ट्रक पुलावर चढायचं सोडून चुकून खालच्या अरुंद रस्त्याला शिरला होता आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून गोंधळून बघत होता. झनकभाऊ त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर करून, एक एक पाऊल मागे सरकत, "आन दे, आन दे, आता थांब, थोडं डाव्या हाताले" असं ओरडत ते ती अवजड गाडी मागे घेऊ लागले. मी खिडकीतून हात हलवला. त्यांचं लक्ष ट्रकच्या मागच्या चाकांवर होतं. बस सुटली.